आधी परात फिरवा

"माहे तांदूर वापस दे," असं सासूबाई त्या यंत्राला म्हणाल्या आणि हे यंत्र आपल्या घरात नांदायचं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं.

त्या ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारी सूप, पुढ्यात चिन्नोरची छोटी रास. पाखडताना मूठभर दाणे फरशीवर सांडले होते. तेवढ्यात झाडणारा रोबोट घरघरत आला, त्यांच्या गुडघ्याला हलकेच धडकला, थोडा मागे सरला आणि ते दाणे गिळून पुढे निघाला. सासूबाई शहाऐंशीच्या, पण हात अजून चपळ. त्यांनी त्याला पकडून उलटं केलं. चाकं हवेत फिरत राहिली. मी त्याचा डबा उघडून दिला. आत केस, काळी राख, दोऱ्याचे तुकडे आणि त्यात मिसळलेले तांदूळ. "अनाज आहे थे, कचरा नाही," एवढंच बोलून त्यांनी ते दाणे एकेक करून वेचले आणि अंगणात चिमण्यांना टाकले. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'कासव' पडलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गोंदिया शहरात आमचं घर आहे ते जिल्ह्यापेक्षा जुनं. जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. घराचा पुढचा भाग माझ्या सासऱ्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं बांधलेला, मागच्या दोन खोल्या आम्ही नंतर काढल्या. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत मुलगा महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याहून आला तो बगलेत एक खोका घेऊन. त्याच्या फ्लॅटमध्ये तसंच यंत्र वर्षभर चाललेलं होतं. "आई, तुझी कंबर दुखते, हे घे," म्हणाला. पंचवीस हजारांची वस्तू. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी नव्या फड्याला हळदकुंकू लावलं, मग थोडा विचार करून कासवाच्या पाठीवरही एक बोट टेकवलं.

मी ते यंत्र वर्षभर वापरलं आणि शिक्षकाच्या सवयीने त्याची वही ठेवली. आता ओळखीपाळखीतले लोक विचारतात, "मॅडम, आम्ही घ्यावं का?" आणि लगेच पुढचं विचारतात, पास्कल किती हवेत, बॅटरी किती हवी, लेझरवालं चांगलं की कॅमेरावालं. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण दुसऱ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न यंत्राचा नसून आपल्या जमिनीचा आहे. तुमच्या घरात जमिनीवर कोण राहतं?

हे यंत्र कोणत्या घरात जन्मलं ते पाहा. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ साली असा पहिला घरगुती रोबोट बाजारात आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीचा 'रूम्बा' आला आणि त्याने नाव कमावलं. ही कंपनी एमआयटीतल्या तिघा रोबोटतज्ज्ञांनी १९९० साली काढलेली. बॉम्ब शोधायला सैनिकांच्या पुढे जाणारे रोबोटही तिने बनवले. बॉम्ब शोधणाऱ्यांनी केर काढायला घेतला, यात हसण्यासारखं काही नाही. अनोळखी जागेत न अडकता फिरणं हीच दोन्हीकडची अडचण. पण ज्या घरासाठी हे यंत्र बेतलं, ते घर खुर्ची, टेबल, पलंग अशा पायांवर उभं असलेलं. तिथे जेवण टेबलावर, झोप पलंगावर, भाजी चिरणं ओट्यावर. जमिनीवर गालिचा आणि त्यावरून चालणारे बूट. अशा घरात जमीन ही फक्त चालायची जागा, त्यामुळे ती जवळजवळ दिवसभर मोकळी.

आमच्याकडे जमीन म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं सामान. सासूबाई तिच्यावर बसतात, निवडतात, टिपतात, दुपारी चटई टाकून आडव्या होतात. नातवंडं आली की सगळ्यांची पंगत खालीच. कार्तिकात गावाकडचं धान निघतं. बांधीतल्या कडपा उचलून पुंजणे रचले जातात, मळणी होते आणि मग वर्षाची पोती आमच्या मधल्या खोलीत भिंतीला लागतात. पोत्यासोबत तणसाच्या काड्या आणि कुसळं येतातच. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि पाहुण्यांचा राबता लागतो. दहा-दहा माणसं ओसरीपासून देवघरापर्यंत गाद्या-सतरंज्या टाकून झोपतात. त्या दिवसांत कासव खोक्यात. जानेवारीत वड्या-पापड, उन्हाळ्यात आंबे आणि शेवया, पावसाळ्यात वाळत न वाळलेले कपडे पंख्याखाली पसरलेले. वहीतली पहिली नोंद हीच आहे: वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी यंत्र चालवता येईल अशी जमीन रिकामी होती १९० दिवस.

बाकीच्या नोंदी मोजपट्टीच्या. आमच्या घराला आतली पाच दारं. त्यांतल्या दोन दारांना सागवानी उंबरठे, चार-चार इंच उंच. एकाला संगमरवरी पट्टी, तीन सेंटिमीटर. कासव चढतं फार तर दोन सेंटिमीटर. म्हणजे पाचपैकी तीन दारांशी त्याचा प्रवास संपला. मांजर पिलांना नेते तसं मी त्याला उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत होते. उंबरठा काढून टाका, असं मुलगा सहज बोलून गेला. त्याच उंबरठ्यावर मी माप ओलांडून आत आले होते. आणि पावसाळ्यात अंगणातलं पाणी आणि विंचूकाटा बाहेर राहतो तो त्याच्याचमुळे.

स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीला काळी कडप्पा आहे. तिथे कासव यायचं, थबकायचं, आणि विहिरीच्या काठावर आल्यासारखं माघारी फिरायचं. कारण साधं आहे. जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड किरण सोडणारे सेन्सर असतात. किरण जमिनीवरून परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा. काळा दगड किरण शोषून घेतो, आणि यंत्राला वाटतं खाली काहीच नाही. सगळ्याच काळ्या फरश्यांवर असं होत नाही, सगळ्याच यंत्रांनाही होत नाही. पण ज्यांच्याकडे कडप्पा आहे त्यांनी विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरा शत्रू मच्छरदाणी. गोंदियात, तलावांच्या या मुलखात, मच्छरदाणीशिवाय झोप नाही. सकाळी ती नीट वर खोचली नाही तर तिची झालर खाली लोंबते. कासवाने तीन वेळा ती ब्रशमध्ये गुंडाळली आणि एकदा तर चांगली वीतभर फाडली. मोबाइलच्या चार्जरची वायर, पायपोसाचे गोंडे, सासूबाईंच्या लुगड्याचा पदर, यांचीही तीच गत. आमचा दिवाण जमिनीपासून आठ सेंटिमीटरवर. कासव साडेनऊ सेंटिमीटर उंच, कारण पाठीवर लेझर फिरवणारी टोपी. म्हणजे वर्षानुवर्षांची धूळ जिथे खरोखर साठते, त्या दिवाणाखाली ते जाऊच शकलं नाही.

आता पास्कलचं, म्हणजे यंत्राच्या हवा ओढण्याच्या जोराचं. जाहिरातीत पाच हजार, आठ हजार असे आकडे असतात आणि ते ऐकून माणूस दबतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवेल, वातावरणाचा दाब एक लाख एक हजार पास्कलच्या वर असतो. पाच हजार पास्कल म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. ही ताकद लागते गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली धूळ ओढायला. आपल्या टाइल्सवर धूळ नुसती पडलेली असते. तिथे ब्रश नीट असणं आणि हवा मोकळी वाहणं जास्त महत्त्वाचं. विजेचं म्हणाल तर धास्ती नको. बॅटरी १४.४ व्होल्ट, ५,२०० मिलिअँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम ७५ वॅट-तास. चार्जिंगमधली गळती धरूनही एका युनिटात ते दहा वेळा तरी भरतं. वीजबिलाला हे यंत्र जड नाही.

जड आहे ते फिल्टरला. आमचं शहर भातगिरण्यांचं. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवायला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला सगळ्यात स्वस्त जळण म्हणजे तूस. वारा आमच्या बाजूला फिरला की सकाळी स्लॅबवर बारीक काळी राख दिसते. तीच खिडकीतून आत येते. फड्याने झाडली तर ती थोडी उडते, थोडी निघते, उरलेली पोछ्याला जाते. यंत्राच्या फिल्टरमध्ये मात्र ती घट्ट बसते. दर तीन दिवसांनी फिल्टर अंगणात नेऊन झटकावा लागायचा. धुतला तर पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे एक दिवस, यंत्र बंद. डबा दोन पेले पाणी मावेल एवढा. आमच्या ओसरीला तो एका फेरीत भरायचा. पोछ्याचं तर विचारूच नका. मागे ओलं फडकं ओढत नेणं आणि फरशी पुसणं यात जो फरक आहे तो फोडणीचं तेल सांडलं की कळतो. फडकं स्वतः धुणारी महाग यंत्रं निघाली आहेत. पण त्यांच्या तळाच्या टाकीत पाणी भरायचं आणि घाण पाणी ओतायचं कोणी, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

वहीचं सगळ्यात महत्त्वाचं पान मिनिटांचं आहे. यंत्र सुरू करण्याआधी जमीन मोकळी करायला सरासरी १४ मिनिटं. उंबरठ्यांवरून उचलायला आणि अडकलं तिथून सोडवायला ५. डबा, ब्रश, गुंडाळलेले केस यांना ६. एकूण २५. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्याच चार खोल्या २० मिनिटांत झाडतात, आणि कोपरे धरून झाडतात. गोल यंत्र चौकोनी कोपऱ्यात पोचत नाही, हे तर भूमितीच सांगते. म्हणजे यंत्राने माझा वेळ वाचवला नाही. त्याने वाचवलं ते वाकणं, आणि तेही पूर्ण नाही, कारण वस्तू उचलायला वाकावं लागतंच. केर काढणं म्हणजे फडा फिरवणं, असं आपण समजतो. ते काम मुळात आवरण्याचं आहे; फडा शेवटी येतो. यंत्र फक्त तो शेवट करतं.

एक गोष्ट मात्र मी धरून चालले नव्हते. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, यांनी कधी फडा हातात धरला नव्हता. यंत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी ते त्याचे मुखत्यार झाले. सकाळी सातला वर्तमानपत्रं उचल, मोजे उचल, खुर्च्या टेबलावर उलट्या ठेव, सगळं न सांगता. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकामात हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले होते. त्यांचाही रोजचा वेळ सरासरी ९७ मिनिटं, तर घरकाम करणाऱ्या बायकांचा २९९. कासवाने आमच्या घरातून त्या सव्वीसांत एकाची भर घातली. बटण असलेलं काम पुरुषांना कमीपणाचं वाटत नाही, ही माझी नोंद. यंत्र गेल्यावरही वर्तमानपत्रं उचलायची सवय राहिली. फडा अजून माझ्याचकडे किंवा बाईंकडे.

बाईंचं सांगते. यंत्र आल्याच्या पहिल्याच दिवशी त्या दारात थांबून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आता मले येऊ नको म्हणता का?" मी नाही म्हणाले, पण तो प्रश्न मला टोचत राहिला. त्या रात्री मी हिशेब मांडला. झाडू-पोछ्याचे मी त्यांना महिन्याला आठशे देत होते. पंचवीस हजारांत त्यांचं दोन वर्षं सात महिन्यांचं काम बसत होतं, आणि तेवढ्या काळात अशा यंत्राची बॅटरी दम सोडायला लागते. लोक या हिशेबावरून म्हणतात, यंत्र परवडत नाही. मला त्यातून दुसरंच दिसलं. आपल्याकडे हे यंत्र महाग वाटतं याचं कारण आपण बाईच्या हाताला फार कमी देतो. महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. पण किती दारांत त्याची नोंदणी पोचली, हे आपण आपल्याच दारापासून तपासावं. मी आठशेचे बाराशे केले. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. चुकलेलं उत्तर खोडून पुन्हा सोडवलं, इतकंच.

महिनाभर दोघांचं काम बघून बाईंनी जो निकाल दिला, तो माझ्या सगळ्या वहीपेक्षा नेमका होता. "मॅडम, सोपं सोपं हे झाडते, अवघड माह्याकडेच राह्यलं."

झाडणारा माणूस नुसतं झाडत नाही, घर वाचतो. पावसाळ्यात बाईंनीच मला हाक मारून दाखवलं, कपाटामागच्या चौकटीवर उधईने मातीची रेघ काढली होती. त्याच जागेवरून यंत्र चार दिवस फिरलं होतं आणि खाली पडलेली माती इमानेइतबारे गिळत होतं. त्यामुळेच मला ती दिसली नव्हती. हरवलेली कानातली फिरकी, गळक्या नळाचा ओघळ, आजारी मुलाने न खाता कॉटखाली लपवलेली गोळी, या बातम्या फडा देतो. आपल्या विदर्भाने तर फड्याला केवढा मान दिला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, दिवसा गाव झाडलं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात त्याच्या चुका सांगितल्या. गाव झाडलं होतं म्हणून गावाची दुखणी त्यांना ठाऊक होती. राज्य सरकारने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांच्याच नावाने चालवली.

आता यंत्र काय वाचतं ते पाहू. एकदा पुण्याहून मुलाचा फोन आला: "आई, तीन दिवस झाले रोबोट चालला नाही. बरी आहेस ना?" मला आधी बरं वाटलं, मग चमकल्यासारखं झालं. आमच्या घराचा नकाशा, कुठली खोली कधी झाडली, कुठे अडकलं, हे सगळं त्याच्या मोबाइलवर दिसत होतं. मुलाला दिसतं तोवर ती काळजी. पण ते त्याच्यापर्यंत पोचतं कंपनीच्या यंत्रणेतून. चाचणीसाठी घरोघरी दिलेल्या रूम्बांनी टिपलेली चित्रं, त्यात न्हाणीघरातल्या एका बाईचंही, समाजमाध्यमांवर फुटल्याचं एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने २०२२ च्या डिसेंबरात उघडकीला आणलं. ती घरं चाचणीला तयार झालेली होती आणि ती यंत्रं दुकानातली नव्हती, हे खरं. तरी ज्यांच्या घरी लेकीसुना आहेत त्यांनी कॅमेऱ्याऐवजी लेझरवर चालणारं यंत्र बघावं, असं मी सांगेन. शिवाय कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आहे. निआटो नावाची या धंद्यातली जुनी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. आणि ज्या आयरोबोटने हे यंत्र जगाला ओळखीचं केलं, तिनेच २०२५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. फड्याचा कारखाना बुडाला म्हणून घरातला फडा बंद पडत नाही. मोबाइलवर चालणाऱ्या यंत्राबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. दुरुस्तीचंही तेच. माझ्या यंत्राचं चाक अडकलं तेव्हा जवळचं दुरुस्ती केंद्र नागपूरला निघालं, रेल्वेने १३० किलोमीटर. कासवाला कापडी पिशवीत घालून मी जनरल डब्यातून नेलं. शेजारच्या बाईला वाटलं, प्रसादाचा डबा आहे.

एवढं वाचून कोणी म्हणेल, म्हातारी मास्तरीण यंत्राच्या विरोधात आहे. मी असेनही, सासूबाई मात्र नाहीत. त्यांनी पहाटे उठून मुसळाने धान कांडलं आहे. त्यांच्या तळहाताला त्याचे घट्टे अजून आहेत. गावात धान भरडायचा हलर आला तेव्हा कोणीही मुसळ कवटाळून बसलं नाही. पाटावरवंटा गेला आणि मिक्सर आला तेव्हाही नाही. मी त्यांना विचारलं, मग याच्यावरच राग का? त्या म्हणाल्या ते माझ्या शब्दांत सांगते: हलरकडे आपण धान घेऊन जात होतो, तो आपल्या घरात येऊन 'बाजूला व्हा' म्हणत नव्हता. मिक्सर ओट्याच्या कोपऱ्यात गप्प बसतो. हे यंत्र मात्र आपल्या बसायच्या जागेवर येतं आणि आपल्यालाच उठवतं. मला वाटतं, यंत्र घराला मानवतं की नाही हे ओळखायची याहून चांगली कसोटी नाही.

म्हणूनच तेच यंत्र दुसऱ्या घरात छान नांदतं. वर्ष झाल्यावर मी मुलाला विचारून ते माझ्या मैत्रिणीला दिलं. ती माझ्याच शाळेत मराठी शिकवायची. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, एकटी राहते, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एकसारख्या फिकट टाइल्स, दारांना उंबरठे नाहीत, झोपायला उंच पलंग, जेवायला टेबल. तिसऱ्या मजल्यावर राखही कमी. डॉक्टरांनी तिला खाली बसायला मनाई केलेली, म्हणून तिची जमीन दिवसभर मोकळी. तिथे कासव रोज सकाळी अकराला निघतं आणि पाऊण तासात जागेवर जाऊन बसतं. आठवड्यातून एकदा तिच्याकडच्या बाई डबा आणि ब्रश साफ करून देतात. तिला वाकता येत नाही आणि रोज कोणाला बोलवावं लागत नाही, हे तिच्यासाठी खरं स्वातंत्र्य आहे. दमा असलेला माणूस घरी असेल, केस गाळणारा कुत्रा असेल, नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडून रात्री परतत असतील, अशांनाही मी घ्या म्हणेन.

घेण्याआधी एक चाचणी करा. तिला पैसे पडत नाहीत. घरातली साधारण पस्तीस सेंटिमीटर रुंद परात घ्या. यंत्राची रुंदी जवळपास तेवढीच असते. ती जमिनीवर पालथी घाला, वर दहा सेंटिमीटर उंची होईल असा एखादा डबा ठेवा, आणि सकाळी दहाला, घर नेहमीसारखं भरलेलं असताना, ती पायाने ढकलत सगळ्या खोल्यांतून न्या. मुद्दाम आवरू नका. जिथे परात अडली तिथे यंत्र अडणार. जिथे तुम्हाला वाकून काहीतरी उचलावं लागलं, तिथे रोज वाकावं लागणार. दिवाणाखाली डबा जात नसेल तर यंत्रही जाणार नाही. उंबरठे मोजा, बोटाच्या एका पेरापेक्षा उंच असतील तर प्रत्येक खोली वेगळं बेट समजा. आणि हे सगळं घरातला जो माणूस यंत्र घ्या म्हणतो आहे, त्याच्याकडूनच करून घ्या.

परात दहा मिनिटांत फिरून आली तर खुशाल घ्या. अर्ध्या तासानंतरही मधल्या खोलीतच असेल, तर ते पैसे आपल्याकडे झाडायला येणाऱ्या बाईंच्या पगारात घाला आणि एक लांब दांड्याचा फडा आणा. आमच्या ओसरीवर सध्या तसाच फडा आहे, आणि सासूबाईंचे तांदूळ सुपात सुरक्षित आहेत.